डावखुरा स्क्रू

ये, बस. आधी हात पूस, तिथं काजळी आहे. भट्टी कशी पेटली ते तुला सांगून झालं, माझा थोरला भाऊ हा कारखाना उभा करून कसा गेला तेही सांगितलं. आज सांगतो ते गेल्या रविवारचं, अगदी ताजं. नुसतं दुपारचं एक जेवण. पण त्या चार तासांत आमच्या घरानं जेवढं ऐकलं, तेवढं चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मधे बोलू नको. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, एकदा धागा सुटला की परत हाती लागत नाही.

आम्ही पाण्याचे मीटर बनवतो हे तुला ठाऊक आहे. त्याची पितळेची बॉडी मी ओतायचो. ओतायचो म्हणतो, कारण दोन वर्षांपूर्वी मी भट्टी सोडली. समुद्रापलीकडच्या त्या देशातून, बंदराच्या गावातून अहवाल आला होता की आपल्या मीटरची बॉडी तडकली, ओतकामात दोष. अरे, हजारो बॉड्या ओतल्या मी! एकीला केसाएवढी चीर गेली नव्हती. आणि ही तडकली. दुसऱ्या दिवशी हातमोजे काढले आणि घरी येऊन बसलो. कुणी जा म्हणालं नाही. पण थांबा असंही कुणी म्हणालं नाही.

आता घरची रीत ऐक. मोठा निर्णय असला की जेवण झाल्यावर ताटं उचलायची नाहीत. प्रत्येकानं आपला चमचा ताटात ठेवायचा. उताणा म्हणजे हो, पालथा म्हणजे नाही. एक जरी पालथा पडला, तर ते काम होत नाही. मालकाचा चमचा मोठा आणि पोरीचा लहान, असलं काही नाही. सोळा वर्षं भरली की चमचा मिळतो. सून असेल तर घरात येऊन तीन वर्षं झाली की. एवढं न्यायाचं घर दाखवून दे मला, असं मी चारचौघांत छाती काढून म्हणायचो.

त्या दिवशी प्रश्न एकच होता. त्याच देशाला आपलं सरकार पाण्यासाठी मदत देणार, आणि त्या मदतीतून चाळीस हजार मीटर आमच्याकडून घेणार. चार वाजता खात्याचे साहेब सह्या न्यायला येणार होते. कारखान्यात सहा महिने लेथ अर्ध्या बंद होत्या. साठ माणसं रोज येऊन फरशी पुसून परत जात होती.

थोरला पुतण्या, म्हणजे मालक, त्यानं शनिवारीच एक घोळ करून ठेवला होता. चमचे पडायच्या आधीच फाटकापाशी उभं राहून कामगारांना सांगून टाकलं, "काम आलं." हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मला मागाहून कळलं. म्हणून जेवताना तो नुसता भात चिवडत होता. आम्हाला वाटलं, पोटात दुखतंय.

त्याची बायको कारखान्याचं ऑफिस बघते. तिला आम्ही सगळे मॅनेजर म्हणतो, ती पण ओ देते. तिनं पाणी प्यायलं, चमचा उताणा ठेवला.

"चला, आटपा. माझा झाला."

तिच्या नवऱ्यानं ठेवला, उताणा. त्यांची लेक इंजिनीअर, तिला मोजपट्टी म्हणतो आम्ही, कारण भाताचं शीतसुद्धा मापून खाते. तिनं चमचा हातातच धरला.

"माझा एक प्रश्न आहे."

"तुझे नेहमीच असतात," मॅनेजर म्हणाली. "साहेब चारला येणार आहेत, पुढच्या वर्षी नाही."

"करारात लिहिलंय की सगळ्या मीटरला डावखुरा बसवायचा. आणि पाना फक्त आपल्या माणसाकडे राहणार. का?"

डावखुरा म्हणजे माझंच लेकरू. पूर्वी इथं लोक मीटर उघडून आतलं चाक अडकवायचे, पाणी फुकट. तेव्हा मी एक स्क्रू काढला, उलट्या आट्यांचा, डोक्याला तीन खाचा. साध्या पान्यानं फिरवलं की तो अजून घट्ट बसतो. तीन दातांचा खास पाना लागतो. त्याबद्दल मला खात्याकडून शाल मिळाली होती.

"का म्हणजे?" मॅनेजर म्हणाली. "इथं आहे तसाच तिथं. तिथल्या लोकांना वेगळी वागणूक द्यायची का?"

आता धाकटा बोलला. धाकटा पुतण्या म्हणजे आमचा फिटर. तो पाना घेऊन तीन वर्षं त्या बंदराच्या गावात राहिला होता. येताना तिथलीच बायको घेऊन आला. लग्न तिथल्या कचेरीत झालं, आम्ही फोटोत बघितलं. तिला चौदा महिने झालेत इथं, पण घर तिला अजून पाहुणीच म्हणतं. आपली भाषा शिकली, बरी बोलते. चमचा नाही, म्हणून ती त्या दिवशी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती, शेंगा सोलत.

धाकटा म्हणाला, "वहिनी, इथं मीटर तुंबला तर काय होतं?"

"तक्रार करायची. दोन दिवसांत माणूस येतो."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचं. मी बसलेय. पुढच्या निवडणुकीत पडला तो."

"तिथं पाण्यात गाळ असतो. दर महिन्याला तुंबतो. उघडायचा, जाळी धुवायची, पाच मिनिटांचं काम. पण पाना माझ्याकडे. आणि मला हुकूम इथून. आता सांगा, त्यांनी कुणाला पाडायचं?"

मॅनेजर गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिनं पदर खोचल्यासारखं केलं आणि सरसावून बसली.

"हे बघा, तुम्ही काका-पुतणी मिळून मला शाळा शिकवू नका. काल ही मला म्हणते, आई, हे साम्राज्य आहे! साम्राज्य म्हणजे तोफा, झेंडे, लोकांच्या पायात बेड्या. आपण काय पाठवतोय? मीटर. त्यांच्या मंत्र्यानं सही केली, हसत फोटो काढला. आपण गेलो नाही तर दुसरा कुणीतरी जाईल, आणि तो तक्रारवहीसुद्धा ठेवणार नाही. आपल्या देशात गरिबाला कोर्ट आहे, कामगाराला सुट्टी आहे, बाईला मत आहे. एवढं सगळं करणारे लोक बाहेर जाऊन एकदम राक्षस होतात का?"

"राक्षस कशाला व्हायला पाहिजे?" मोजपट्टी म्हणाली. "माणूस घरात गाय आणि बाहेर वाघ असू शकतो. घरातली गाय खरीच असते, आई. सोंग नसतं ते. म्हणून तर बाहेरचा वाघ कुणाला दिसत नाही."

"पाठ केलंस का?"

"तुझ्यापुढं बोलायचं तर पाठ करूनच यावं लागतं."

थोरला हसला, पहिल्यांदाच. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमचा चमचा?"

खरं सांगतो, मी उताणा ठेवणार होतो. राजकारण मला कळत नाही. चाळीस हजार मीटर म्हणजे चाळीस हजार डावखुरे, माझा स्क्रू समुद्रापार जाणार! आणि मनात एक हावरट किडा होता. एवढं काम आलं की मला परत भट्टीवर बोलावतील. मी म्हटलं, "मला तर बाबा यात काही वाईट दिसत नाही. पण धाकट्या, तुझा चमचा अजून हातात का?"

त्यानं चमचा पालथा ठेवला. आवाज केवढा तो!

थोरल्याचा चेहरा उतरला. "अरे, साठ घरं आहेत आपल्यावर."

"ठाऊक आहे, दादा. त्या गावात अकरा वस्त्या होत्या. त्या पण ठाऊक आहेत." धाकट्यानं ताट बाजूला सारलं. "तुम्हाला एक सांगितलं नाही मी. त्यांच्या सरकारनं आपल्या लढाऊ जहाजांना बंदरात जागा द्यायला नाही म्हटलं होतं, आठवतं? पेपरात आलं होतं."

"कोपऱ्यात," मोजपट्टी म्हणाली.

"त्याच आठवड्यात पाऊस झाला, गाळ आला, अकरा वस्त्यांचे मीटर तुंबले. मी पाना घेऊन निघालो तर वरून, आपल्या खात्याकडून पत्र. पुढील सूचना येईपर्यंत कोणताही मीटर उघडू नये. बस, दोन ओळी. नळ बंद करा असं कुणी लिहिलं नव्हतं. सतरा दिवस मी खोलीत बसलो. पाना गादीखाली."

"सतरा?" मॅनेजरच्या तोंडून निघालं.

"आणि ती रोज सकाळी यायची." त्यानं खिडकीकडे मान केली. "पाणीखात्यात कारकून होती तेव्हा. दारात उभी राहून विचारायची, आज? मी म्हणायचो, पत्र आलं नाही. ती जायची. एकदासुद्धा शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं."

पाहुणीच्या हातातल्या शेंगा थांबल्या होत्या. ती काय विचार करत होती ते तिनं मला परवा सांगितलं. म्हणाली, मला वाटलं, हा आता पुढचं सांगतो की माझ्यावर सोडतो?

धाकट्यानं नाही सांगितलं. मग तीच बोलली.

"अठराव्या दिवशी मी हातोडा घेऊन गेले. शाळेच्या वस्तीत. मीटर फोडला."

कुणाला पटकन उमगलंच नाही. मला मात्र उमगलं. दोन वर्षं तेच तर चघळत होतो.

"शाळेच्या वस्तीतला?" मी म्हटलं. "अहवालातला? तडकलेला?"

"हो, काका."

"ओतकामात दोष नव्हता?"

"नव्हता," धाकटा खाली बघून म्हणाला. "खरं लिहिलं असतं तर हिला तुरुंगात टाकलं असतं. मी लिहिलं, बॉडी आपोआप तडकली. मला काय माहीत, काका, तुम्ही त्यावरून भट्टी सोडाल. परत आलो तेव्हा तुम्ही घरात बसलेले. सांगायचं धाडस झालं नाही. रोज उद्यावर टाकलं."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण तोंडातून भलतंच निघालं.

"किती घाव घातलेस गं?"

"काय?"

"हातोड्याचे. किती घावांत फुटली?"

तिनं बोटांवर मोजले. मग म्हणाली, "अकरा. बारावा पाईपवर बसला."

"अकरा!" मी टेबलावर हात आपटला. "ऐकलं का सगळ्यांनी? माझ्या बॉडीला अकरा घाव लागले! आणि म्हणे दोष!"

मॅनेजर फस्सकन हसली, मग पाहुणीही. मी डोळे पुसले. हसता हसताच पुसले, पण पुसले.

मोजपट्टी हसली नाही. प्रत्येक बॉडीवर तपासल्याची सही तिची असते. अहवाल आला तेव्हा पोरीनं तीन महिने झोप घालवून दोष शोधला होता, नसलेला. इतका वेळ ती धाकट्याच्या बाजूनं भांडत होती, आता खुर्ची मागं सारून त्याच्यासमोरच उभी राहिली.

"काका, मी तुला चार पत्रं लिहिली. तुकडा पाठव, तपासते म्हणून. तू लिहिलंस, समुद्रात पडला."

"हो."

"बायकोला वाचवलंस, ते चांगलं केलंस. पण मला खरं लिहिता आलं असतं. माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तू चांगली आहेस म्हणूनच लिहिलं नाही. तू कागदावर खरंच मांडलं असतंस."

ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आणि गंमत बघ, तिच्या जागी धाकट्याच्या बाजूला कोण आलं? मॅनेजर! ती उठली आणि पाहुणीच्या समोर जमिनीवर बसली, शेंगांची पाटी स्वतःकडे ओढली.

"सतरा दिवस मी थांबले नसते," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी हातोडा. आणि मीटरवर नाही, याच्या डोक्यात." शेंग सोलत सोलत तिनं विचारलं, "मग आता तूच सांग. हे काय आहे? ही म्हणते ते साम्राज्य का?"

पाहुणी म्हणाली, "नाव तुम्ही ठरवा, ताई. आमच्याकडे त्याला वाट बघणं म्हणतात."

मग थोरल्यानं उठून फडताळातला एक चमचा काढला आणि तिच्यापुढं धरला. चांगला माणूस आहे तो. म्हणाला, "तीन वर्षांची अट आज बाजूला ठेवू. हे तुझ्या गावाचं आहे. तूही ठेव."

आम्हाला वाटलं ती रडेल, घेईल. तिनं हात मागं घेतला.

"रागावू नका, दादा. पण हा नको. मी ठेवला तर तुम्ही सगळे म्हणाल, झालं, त्यांना विचारलं. मी त्यांची कोण? मी आता इथं जेवते. मला पाणी यायला हवंय तिथं. मीटर पण हवेत, आमच्याकडे कारखाना नाही. नको म्हणणं सोपं आहे, पाणी आणणं नाही. पण त्यांचा मीटर त्यांना उघडता आला पाहिजे. आणि यातलं काय हवं, काय नको, ते मी का सांगू? त्यांना तोंड आहे की!"

थोरला चमचा हातात घेऊन तसाच उभा. मग त्यानं फाटकापाशी काय बोलून बसला ते सगळ्यांना सांगितलं. मॅनेजरनं कपाळावर हात मारला, पण भांडली नाही. पुढं होऊन आपला चमचा पालथा केला.

"साधा स्क्रू बसवून देतो म्हणून साहेबांना सांगून बघू," ती म्हणाली. "माल तोच, काम तेच. कुणाच्या पोटावर पाय येत नाही."

साहेब बरोबर चारला आले. माणूस भला, बूट दारात काढले, चहा घेतला. थोरल्यानं साध्या स्क्रूचं सांगितलं तर त्यांनी मान हलवली.

"ते माझ्या हातात नाही. मदतीची अट आहे. नियम संसदेत पास झालाय, सगळ्यांनी मतदान करून. याच्यापेक्षा न्यायाचं काय असतं?"

मोजपट्टी अजून कोपऱ्यातच होती. तिथूनच म्हणाली, "सगळ्यांनी म्हणजे कुणी, साहेब? मीटर ज्यांच्या दारात बसणार, त्यांच्यातला एक तरी होता का त्यात?"

"त्यांचे मंत्री होते ना बैठकीला."

"त्यांना स्क्रू दाखवला होता?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "ताई, स्क्रूपर्यंत कोण जातं बैठकीत?"

मग मी उठलो. मला साहेबांशी बोलायची सवय नाही, मी त्यांच्या कपाकडे बघून बोललो. म्हटलं, तो स्क्रू मी केलाय. चोरी होऊ नये म्हणून केला, माझ्या शेजाऱ्यांसाठी. त्यांना तो पटला नसता तर त्यांनी मला चौकात धरून जाब विचारला असता, आणि एकानं विचारला पण होता. तिथल्या कुणाला माझं घर माहीत नाही. आम्ही सही करू की नाही ते नंतर. आधी मला त्यांना विचारू द्या.

"किती दिवस?" साहेब म्हणाले.

"सतरा," धाकटा म्हणाला.

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. पंधरापेक्षा जास्त देता येणार नाहीत म्हणाले, आणि त्यानंतर काम दुसऱ्या कारखान्याला जाईल हेही सांगून गेले. म्हणजे साठ माणसं अजून फरशी पुसतायत. थोरला सोमवारी फाटकापाशी उभा राहिला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी तोंडावर सुनावलं, "दुसऱ्याच्या नळासाठी आमच्या चुली विझवणार का, मालक?" त्यांचं तरी काय चुकलं? तुला कळलं तर सांग.

तेव्हापासून पाच दिवस गेले. पत्र लिहायचं ठरलंय, त्या अकरा वस्त्यांना. मॅनेजर लिहायला बसली तर ते कोटेशन झालं. मोजपट्टीनं लिहिलं तर आकृत्यांसकट बारा पानं. पाहुणी म्हणते, मी भाषा बदलून देईन, पण शब्द तुमचे हवेत, काका, स्क्रू तुमचा आहे. आणि मला तर आता सहीपुरतंच लिहिता येतं, बाकीचं विसरलो.

म्हणून तुला बोलावलंय. तो कागद घे. मी सांगतो तसं उतरव, सुधारू नको. वर घाल: हा स्क्रू मी बनवला, मी भट्टीवर काम करतो, दोन वर्षं सोडलं होतं, परवापासून परत लागलोय. तुम्हाला हा हवा का, साधा हवा, की मीटरच नको? तुम्ही जे म्हणाल ते आम्हाला परवडेल की नाही, ते मला माहीत नाही, पण ऐकल्याशिवाय सही करणार नाही. एवढं लिही. आणि बाबा, तुम्हा शिकलेल्यांना सवय असते, शेवटी 'त्वरित कळवावे' असं लिहू नको. मी विचारतोय, असं लिही.